जुनं यंत्र काढलं, भोकं तशीच राहिली

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो. पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यात केशरी बोटी उतरवलेल्या असतात, लाइफ जॅकेट घातलेले जवान आणि अधिकारी उभे असतात आणि खाली 'यंत्रणा सज्ज' अशी ओळ असते. तयारी होते ही चांगली गोष्ट आहे. त्यामागं राबणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे. हे पत्र मात्र त्या फोटोत कधी न येणाऱ्या जागेबद्दल आहे. इंजिन जिथं अडकवतात त्या मागच्या फळीचा पाण्याखाली जाणारा भाग, आणि पाण्याची खोली दाखवणारं यंत्र (फिश फाइंडर) बसवायला तिथं पाडून ठेवलेली भोकं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फायबरचं काम करतो. टाक्या, घुमट, गाड्यांचे पार्ट, शेडचे पत्रे हे आमचं रोजचं काम. महापुरांनंतर गावोगावी फायबरच्या बोटी आल्या आणि त्यांची दुरुस्तीही आमच्याकडं येऊ लागली. मूळचा मी शिरोळ तालुक्यातला, कृष्णाकाठचा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथून खाली औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास, कवठेगुलंद, शेडशाळ, गणेशवाडी या भागाला पाण्याचा वेढा पडला की बोट म्हणजे काय हे तिथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका धरतात. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. त्या दिवसांत दूध, औषधं, बाळंतीण, डायलिसिसचा पेशंट, सगळं बोटीतूनच गेलं.

या बोटींवर गेल्या काही वर्षांत फिश फाइंडर बसले. नाव मासे शोधण्याचं असलं तरी आपल्याकडं त्याचा उपयोग मुख्यतः खोली बघायला होतो. कळंबा-रंकाळ्यात गंमत म्हणून ते कोणी वापरत नाही. काळम्मावाडी, राधानगरी धरणांच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्यांतले काहीजण वापरतात आणि पुरात ते बचावपथकाच्या कामी येतं. कसं ते सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर आहे.

पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत, सगळे आपल्या कोल्हापूर पद्धतीचे. पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात, पण दगडी खांब जागेवरच राहतात. पूर चढला की ते पाण्याखाली जातात आणि वरून बघणाऱ्याला नुसतं तांबडं पाणी दिसतं. तीच गत उसाच्या फडाची, शेताच्या कुंपणाची, बुडालेल्या मळीतल्या मोटारीच्या खोलीची. गढूळ पाण्यात डोळा चालत नाही, कॅमेरा चालत नाही. आवाज चालतो. बोटीच्या मागं खाली बसवलेला सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडतो, उथळ गोड्या पाण्यासाठी साधारण २०० किलोहर्ट्झचा. तो तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला जवळपास १,४८० मीटर पळतो. म्हणजे खाली पंधरा फुटांवर तळ असेल तर सहा मिलिसेकंदांत उत्तर येतं. पडद्यावर आकडा दिसतो आणि इंजिनावर बसलेल्या पोराला कळतं की आपण फडावरून चाललोय, रस्त्यावरून की नदीच्या पात्रातून. पात्र ओलांडताना आकडा एकदम पंधरावरून चारवर आला की इंजिन वर उचलायचं. बुडालेल्या माणसाचा शोध घेतानाही हे यंत्र उपयोगी पडतं, विशेषतः बाजूचं चित्र दाखवणारं. तेव्हा ही यंत्रं नकोत असं मी म्हणतच नाही. जुनी झालेली बदललीच पाहिजेत. ऊन खाऊन पडदा काळा पडलेला, बटणं दाबली जात नाहीत, केबल उंदरानं कुरतडलेली, असल्या यंत्रावर भर पुरात भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

बदलताना काय होतं ते बघा.

एका कंपनीचा सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या पडद्याला सहसा चालत नाही. प्लगच्या पिना वेगळ्या, ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर वेगळं. पडदा बदलला की सेन्सरही बदलावा लागतो आणि सेन्सर बदलला की ब्रॅकेट. नवं ब्रॅकेट जुन्या भोकांवर बसत नाही. शिवाय सेन्सर कुठंही बसवून चालत नाही. पाण्यातला बुडबुडा त्याचा शत्रू. इंजिनाच्या पंख्यानं ढवळलेलं पाणी सेन्सरखालून गेलं की पडद्यावर नुसता पाऊस दिसतो. म्हणून बोट पुढं जाताना पंख्याचं पातं ज्या बाजूला खाली येतं त्या बाजूला, बहुतेक इंजिनांत उजवीकडं, पंख्यापासून अंतर राखून तो बसवायचा असतो. पहिल्यांदा बसवणाऱ्यानं हे पाहिलेलं नसतं. दुसरा येतो, त्याला जागा पटत नाही, तो हातभर बाजूला नवी भोकं पाडतो. त्याचं काम यंत्र बसवण्याचं. ते चालू झालं, पडद्यावर आकडा आला, बिल झालं. जुनी भोकं कुणाच्याच बिलात नसतात.

यंदा एका गावची बोट आमच्याकडं आली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एकट्या त्या गावाची नाही. तक्रार एवढीच होती की बोट मागनं जड वाटते आणि इंजिन उघडलं की फळी हलल्यासारखी होते. फळीवर नवंकोरं यंत्र बसवलेलं. शेजारी जुन्या ब्रॅकेटची चार भोकं आणि वर केबलचं एक. पाचही भोकांवर पांढऱ्या सिलिकॉनचे ठिपके, बोटानं फासलेले, बोटाचे ठसे तसेच. मी एका ठिपक्याला नख लावलं, तो अख्खा निघून हातात आला. पेचकस आत घातला तर तो अडलाच नाही, मुठीपर्यंत गेला. बाहेर काढल्यावर टोकाला काळा ओला भुगा होता. प्लायवूड भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. लाकडी मुठीनं फळीवर ठोकत गेलो. वरच्या कोपऱ्यांत टणटण आवाज आणि भोकांच्या भोवती बद्द. खडूनं रेघ मारली तेव्हा जवळजवळ अर्धी फळी त्या रेघेच्या आत आली. त्या फळीवर पन्नास ते सत्तर किलोचं इंजिन लटकतं, आणि ते नुसतं लटकत नाही, सगळी बोट माणसांसकट त्याच जागेवर जोर देऊन ढकलतं. ती फळी भर पुरात सुटली असती तर काय झालं असतं, हे मी गावकऱ्यांना सांगितलं नाही. त्यांनी पेचकसाच्या टोकाकडं बघितलं, तेवढं पुरे झालं.

'फायबरला काय होतंय?' हे वाक्य मी रोज ऐकतो. काच सडत नाही हे खरं. पण बोटीची मागची फळी नुसत्या फायबरची नसते. बहुतेक बोटींत दोन्ही बाजूंना फायबर आणि मधे प्लाय असतो, कारण इंजिनाचे बोल्ट आवळायला जाडी आणि ताकद लागते. फायबरचं कवच शाबूत आहे तोवर आतला प्लाय कोरडा राहतो. कवचाला एक भोक पडलं आणि ते नीट सीलबंद झालं नाही, की पाणी प्लायमध्ये शिरतं आणि थरांमधून बाजूला पसरत जातं. बाहेरून काही दिसत नाही. बोट वर्षातले दहा-अकरा महिने शाळेच्या मागं नाहीतर ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये उभी असते, आत शिरलेली ओल वाळायला वाट नसते. कुजवायला तिला पुराची गरज लागत नाही.

आमच्या काठावर पूर्वी लाकडी नावा होत्या. उन्हाळ्यात नाव पालथी घालून फटींत कापूस ठासायचे, वरून डांबर द्यायचे. हे दरवर्षी, न चुकता, नाव गळत असो वा नसो. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि ती काहीलसुद्धा आधी पाणी भरून बघितली जायची. फायबर आलं आणि उन्हाळ्यातलं हे काम संपलं असं सगळ्यांनी धरलं. काम संपलेलं नाही, त्याची जागा बदलली. फटींऐवजी आता भोकं बघायची.

सरळ गळतीचाही हिशेब मांडतो. पाण्याच्या पातळीखाली फूटभर खोल असलेलं सहा मिलिमीटरचं आरपार उघडं भोक, म्हणजे साध्या पेन्सिलीपेक्षा बारीक, तासाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत घेतं. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, दोन मोठी माणसं. तसली दोन-तीन भोकं असतील आणि बोटीत क्षमतेएवढी माणसं भरलेली असतील, तर बोट मागं बसायला लागते आणि मागं बसली की मागच्या फळीवरून लाट आत येते. ८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि किती घरं उघडी पडली हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथं अशी भोकं होती असं मी म्हणत नाही. पण पुरातल्या बोटीला अडचणीत यायला किती थोडं निमित्त पुरतं, हे त्या दिवसानंतर आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागू नये.

आता भोक बुजवायचं कसं ते सविस्तर लिहितो, कारण हे वाचून कुणी तरी आपल्या गावची बोट बघायला जाईल.

पहिलं म्हणजे सिलिकॉन नको. बाथरूमच्या टाइलला ते ठीक आहे. पाण्याखालच्या भोकावर ते काही दिवस चिकटून राहतं आणि मग कडेनं सुटतं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनचा न दिसणारा थर मागं राहतो आणि त्यावर नंतर रेझिन, रंग, काहीच धरत नाही. जिथं ते फासलंय तिथं ते कटरनं काढून, पॉलिश पेपरनं घासून, अ‍ॅसिटोननं पुसून आणि पुन्हा घासून खालचं फायबर मोकळं करावं लागतं. एम-सीलचंही तेच. नळाला, टाकीला, अडीनडीला चालेल. पुरात बोट गळायला लागली तर काठावर आणून एम-सील दाबा, जीव वाचवा. पण ती तात्पुरती सोय आहे आणि बोट परत आल्यावर ते काढून पक्कं काम झालं पाहिजे.

पक्कं काम म्हणजे भोक आधी मोठं करायचं. हे ऐकून लोक दचकतात, पण कुजलेला, ओला प्लाय आत ठेवून वरून बुजवलं तर आपण ओल आत कोंडतो. बिट घालून, हुकानं उकरून, कोरडं पांढरं लाकूड लागेपर्यंत बाहेर काढायचं. मग वाळवायचं. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन यासाठी फुकट आहे. बोट अशी ठेवायची की भोकांतून पाणी खाली निथळेल, आणि दिवसचे दिवस उन्हात राहू द्यायची. हीट गन असेल तर लांबून, हळूहळू. घाई करून फायबर जाळू नये. मग आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) ब्रशनं आत मुरवायचं, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं. ते चिकट असतानाच इपॉक्सीत सिलिका पावडर आणि बारीक कापलेली काच मिसळून केलेला घट्ट लगदा सिरिंजनं तळापासून भरायचा, म्हणजे आत हवा अडकत नाही. पलीकडून टेप लावायची. तोंडाशी भोक थोडं वाटीसारखं रुंद केलेलं असलं की भरलेलं इपॉक्सी बुचासारखं मागं-पुढं सरकत नाही. चोवीस तास हात लावायचा नाही.

प्लायमध्ये आमचं रोजचं पॉलिस्टर रेझिन का नको असं पोरं विचारतात. पॉलिस्टर लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही आणि आकसतं. सबंध फायबरच्या, आत प्लाय नसलेल्या तळाला ते चालतं. मोठं भोक असेल, हाताचं बोट जाईल एवढं, तर नुसता लगदा भरून भागत नाही. भोकाभोवतीचं फायबर ग्राइंडरनं उतरतं करायचं, जाडीच्या बारा पट रुंद. सहा मिलिमीटर जाडीला चारी बाजूंनी सात सेंटिमीटर. मग काचेच्या कापडाचे लहान-मोठे थर एकावर एक. आणि इपॉक्सीवर साधा पॉलिस्टर जेलकोट (फायबरचा वरचा रंगीत थर) मारू नये, तो नीट धरत नाही. इपॉक्सीला चालणारा रंग द्यावा. रंग द्यायचाच, कारण ऊन इपॉक्सीला खातं.

जे कोणी स्वतः हे काम करायला घेतील त्यांना एक कळकळीची सूचना. पॉलिस्टर वापरताना कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका. त्याचा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं आणि हार्डनर शेवटी. आमच्या गल्लीत हे शिकल्याशिवाय पोराच्या हातात डबा देत नाहीत. आणि मेच्या उन्हात मोठा मग भरून इपॉक्सी कालवू नका, ते मगातच तापून धूर काढायला लागतं. थोडं थोडं कालवा.

रबरी बोटींची तऱ्हा थोडी वेगळी आहे. रबरी बोटीत हवेच्या नळीला कोणी ड्रिल लावणार नाही, पण तिच्या मागच्या फळीला लावतात, आणि तीही बऱ्याचदा प्लायचीच असते. वर लिहिलेलं सगळं तिलाही लागू.

याहून चांगला उपाय म्हणजे भोकं पाडूच नयेत, किंवा एकदाच पाडावीत. मागच्या फळीवर जाड एचडीपीई प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा एकदाच बोल्टनं, पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन सीलंट लावून बसवावा, आणि पुढं जे काही यंत्र येईल त्याचे स्क्रू त्या तुकड्यात मारावेत. यंत्र बदललं की तुकडा बदला, बोटीला हात लावायचं कारण नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे सेन्सर बोटीच्या आतूनच तळाला इपॉक्सीनं चिकटवणं. आवाज फायबरमधून आरपार जातो. थोडी ताकद कमी होते, पण आपल्या पुराच्या खोलीला ती भरपूर झाली. अट एकच, त्या जागी तळ सबंध फायबरचा हवा. मधे प्लाय किंवा फोम असेल तर आवाज तिथंच मरतो, आणि इपॉक्सीत बुडबुडा राहिला तरीही. आधी खात्री करायची तर प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून सेन्सर त्यात बुडवावा आणि पिशवी तळावर ठेवून बघावं. पडद्यावर खोली नीट आली तर जागा चांगली. सगळे सेन्सर असे चालत नाहीत, बाजूचं चित्र दाखवणारे तर नाहीतच, ते बाहेरच बसवावे लागतात. पण ज्या बोटीला फक्त खोली हवी आहे तिच्या फळीत पाच भोकं पाडण्याचं मला कारण दिसत नाही.

स्क्रू मारायचेच असतील तर स्टेनलेसचे, आणि भोकाला आधी इपॉक्सी पाजून, ते वाळल्यावर पुन्हा ड्रिल करून. स्क्रूच्या धाग्याला सीलंट, डोक्याखालीही सीलंट. केबल पाण्याच्या पातळीच्या वरून आत घ्यावी आणि भोकाच्या अलीकडं तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडतं, आत येत नाही. लाल वायरला फ्यूज. यातलं बरंचसं यंत्राच्या सोबत येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद खोक्यातच राहतो.

बोट तपासण्याबद्दल. घाटावर बोट उतरवून, इंजिन चालू करून, दहा मिनिटं फिरवून वर घेतली तर या भोकांचं काही कळत नाही. आमच्याकडं आम्ही उलटं करतो. बोट लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवतो, मागच्या भागाखाली जास्त आधार देतो आणि बोटीच्या आत मागच्या बाजूला फूटभर पाणी भरतो. बाहेरची फळी कोरडी पुसून तिला खडूची पूड चोळतो. जिथं ओल येते तिथं पूड काळी पडते. रात्रभर तसंच ठेवायचं, कारण प्लायमधून फिरून येणारं पाणी लगेच दिसत नाही. यासाठी ना कसलं यंत्र लागतं ना निधी. कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवारात होईल. त्याच्या जोडीला पेचकसाच्या मुठीनं सबंध फळी ठोकून आवाज ऐकावा, बद्द आवाजाची जागा खडूनं आखावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढच्या वर्षी रेघ वाढली की नाही ते कळेल.

जिल्हा प्रशासनाला आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की यंत्र बदलण्याच्या कामात जुनी भोकं बुजवण्याचं काम धरलेलंच असावं, आणि कशानं बुजवायचं हेही लिहिलेलं असावं. आज निविदेत 'जुने यंत्र काढून नवीन यंत्र बसविणे' एवढंच असतं. 'काढून' या एका शब्दात काढल्यावर काय करायचं ते येत नाही, आणि ठेकेदाराला त्याबद्दल दोषही देता येत नाही. बुजवण्याला लागणारं साहित्य यंत्राच्या किमतीपुढं अगदी थोडं असतं. दुसरं, प्रत्येक बोटीची एक वही असावी. ट्रॅक्टरची असते, पाण्याच्या मोटारीची असते, मग माणसं वाहणाऱ्या बोटीची का नसावी? कुठं भोक पाडलं, कधी, कुणी आणि कशानं बुजवलं, ते त्यात लिहावं. यांत्रिक बोटींच्या नोंदणीचा आणि तपासणीचा कायदा आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आला. पण कायद्यातली तपासणी कागदावर राहू नये असं वाटत असेल तर फळीवर ठोकून बघणारं माणूस गावातच तयार व्हायला हवं.

ते होऊ शकतं. कोल्हापुरात हाताला काम येणारी माणसं कमी नाहीत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं पंप, कास्टिंग, गाड्यांचे सुटे भाग घडतात, आयटीआयमधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. नदीकाठच्या प्रत्येक गावातून दोन पोरांना हे काम शिकवलं तर बोट शहरात आणायचीही गरज पडणार नाही. आमच्या गल्लीतले आम्ही काही कारागीर मेमधल्या रविवारी हे शिकवायला तयार आहोत, मजुरी न घेता. एक-दोन ग्रामपंचायतींनी जुनी बोट आणली तर त्या बोटीवरच शिकवता येईल आणि तिचं कामही होऊन जाईल. जागेला पाणी आणि सावली एवढंच हवं. माझं नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडं दिला आहे, ज्यांना यायचं आहे त्यांना तो कळवावा.

येणाऱ्यांनी एक करावं. बोटीवरून काढलेला जुना सेन्सर, त्याचं ब्रॅकेट आणि त्याचे स्क्रू भंगारात टाकू नयेत, सोबत आणावेत. स्क्रूची लांबी आणि त्यावरचा गंज बघितला की भोक फळीत किती आत गेलंय आणि ओल कुठवर पोचली असेल याचा अंदाज येतो, आणि उकरायला कुठून सुरुवात करायची ते ठरवता येतं.

आपला,
उद्यमनगरातील एक फायबर कारागीर
कोल्हापूर